ओवीपाशीं थांबणें

चातुर्मास आला म्हणजे आपल्या घराघरांतून पोथ्या बाहेर निघतात. कोणी गुरुचरित्राचा सप्ताह मांडतात, कोणी ज्ञानेश्वरीचें पारायण करितात, कोणी दासबोधाचा रोज एक समास असा नेम धरितात. हा परिपाठ चांगलाच आहे. त्याला नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु तीसांवर वर्षें मुलांना संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत घालविल्यावर, आणि ज्ञानेश्वरीचीं अकरा पारायणें पदरीं जमा केल्यावर, आम्हांस एक गोष्ट फार उशिरां उमगली. पोथी आपण वाचून पुरी करणें निराळें, आणि पोथीनें आपणांस कांहीं विचारणें निराळें. पहिली गोष्ट आम्हांस चांगली साधली होती. दुसरीची ओळख आमच्या घरांतच, आणि तीहि आम्ही ज्यांना शिकवूं पाहत होतों त्यांच्याकडून झाली. ती हकीकत सांगितल्यास वाचकांपैकीं कोणास तरी उपयोगी पडेल, या आशेनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम थोडें गणित करूं. ज्ञानेश्वरींत सुमारें ९,००० ओव्या आहेत. सात दिवसांत पारायण पुरें करावयाचें म्हणजे रोज जवळजवळ १,३०० ओव्या झाल्या. मिनिटाला तीन ओव्या या वेगानें बसलें तरी रोजचे सात तास लागतात. आतां मिनिटाला तीन ओव्या म्हणजे एका ओवीला वीस सेकंद. तेवढ्यांत डोळ्यांनीं अक्षर टिपावें, जिभेनें उच्चारावें आणि पुढें जावें, एवढेंच होणार. उपमा मनांत उतरून तिथें कांहीं हालचाल करील, इतका अवकाश तिला मिळतच नाहीं. आमचीं अकरा पारायणें या चालीनें झालीं. पाठ स्वच्छ, उच्चार शुद्ध, समाप्तीला नैवेद्य वेळेवर. या गोष्टीचा आम्हांस अभिमान होता, हें कबूल केलें पाहिजे.

गेल्या वर्षीं सौ.च्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि कांहीं दिवस वाचन करूं नये अशी डॉक्टरांनीं ताकीद दिली. तिला पहांटे उठून ज्ञानेश्वरी वाचण्याची जुनी संवय. ती म्हणाली, "अहो, तेवढे दिवस तुम्हीच मला वाचून दाखवा." आम्हांस हें काम अगदीं हातचा मळ वाटलें. तिची पोथी उघडली तों बाराव्या अध्यायाच्या शेवटाजवळ लोकरीचा एक दोरा खुणेसाठीं घातलेला होता. तेथून आम्हीं आमच्या नेहमींच्या चालीनें वाचावयास आरंभ केला. सात-आठ ओव्या झाल्या असतील नसतील, तोंच तिनें हात वर केला.

"थांबा. पहिलीच पुन्हां म्हणा."

म्हटली.

"आणखी एकदां. सावकाश."

तीहि म्हटली. मग ती कांहींच बोलेना. थोडा वेळ वाट पाहून आम्ही पुढें वाचूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, "आज एवढीच पुरे. मी रोज एकच घेतें."

गीतेच्या बाराव्या अध्यायांत श्लोक अवघे २०; ज्ञानेश्वरमहाराजांनीं त्यावर २४७ ओव्या सांगितल्या आहेत. रोज एक म्हटली तर आठ महिने झाले. गुढीपाडव्याला तिनें तो अध्याय धरला होता, आणि आतां मार्गशीर्ष चालला होता. इतकीं वर्षें आम्ही समजत होतों कीं, तिचें शिक्षण बेताचें म्हणून तिचें वाचन मंद. खरा प्रकार असा कीं तिच्या आजीनें तिला लहानपणीं सांगून ठेवलें होतें: ओवी तोंडांत घोळवावी, गिळूं नये.

ही रीत त्या माउलीनें कोणत्याहि ग्रंथांत वाचली नसावी. तथापि ती शास्त्राला अगदीं धरून आहे. बृहदारण्यक उपनिषदांतील मैत्रेयीची कथा बहुतेकांस ठाऊक असते. याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडून निघाले, तेव्हां मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी पत्नींमध्यें वित्ताची वांटणी करावी असा त्यांनीं विचार केला. मैत्रेयीनें विचारलें कीं या धनानें अमृतत्व मिळतें काय? नाहीं, असें उत्तर येतांच तिनें धनाऐवजीं ज्ञान मागितलें. पुढें तिला जो उपदेश झाला त्यांत श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तीन साधनांचा क्रम आला आहे. परंतु त्याच्याहि आधीं ऋषि तिला जवळ येऊन बसावयास सांगतात, आणि मी समजावून देत असतां तूं त्याचें चिंतन कर, असें बजावतात. हा बारकावा मुलांना शिकवितांना आमच्या कधींच ध्यानांत आला नव्हता. ऐकून घे आणि मग सवडीनें विचार कर, असें तें सांगणें नाहीं; ऐकत असतांनाच आंत मुरूं दे, असें आहे.

वेदान्ताचे ग्रंथ या तिन्ही पायऱ्यांचें काम वेगवेगळें सांगतात. श्रवणानें शास्त्राचें तात्पर्य काय तें ठरतें. मननानें, म्हणजे युक्तीनें विचार करून, शंका फिटते. निदिध्यासनानें विपरीत भावना जाते, म्हणजे बुद्धीला पटल्यावरहि स्वभाव जो उलट्या दिशेला ओढीत राहतो तें थांबतें. आपल्या बोलीभाषेंत जिला 'कळतें पण वळत नाहीं' अशी अवस्था म्हणतात, तिच्यावरचें औषध म्हणजे निदिध्यासन. आम्ही कळण्यापाशीं थांबलेलों होतों; आणि कळण्याचें काम झालें म्हणजे सर्व झालें, अशी पंडितांची समजूत असते तशी आमचीहि होती.

नुसत्या पाठाविषयीं आपले पूर्वज फारसे भोळे नव्हते. वेदांचें अक्षर न अक्षर राखण्यासाठीं त्यांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा पाठांच्या तटबंद्या उभारिल्या; पण यास्काचार्यांच्या निरुक्तांत अर्थ न जाणतां वेद पाठ करणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. पतंजलींनीं जप सांगितला, तोहि अर्थाच्या भावनेसह सांगितला. आणि आपल्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर एकनाथमहाराजांचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें झाली. पुढील सुमारें तीनशें वर्षांत तिच्यांत अपपाठ शिरले. नाथांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. शुद्ध प्रत करणें म्हणजे काय, याचा विचार करावा. प्रत्येक ओवीपाशीं थांबून, हा शब्द येथें खरोखर महाराजांचा आहे काय, असा प्रश्न स्वतःला हजारों वेळां विचारणें. इतकें सावकाश वाचन घडल्यावांचून तो ग्रंथ आज आपल्या हातीं या रूपांत येताच ना.

ही वाट केवळ आपल्याच देशांत चालली असें मात्र नव्हे. ख्रिस्ती मठांतून तिला मोठा मान आहे. सहाव्या शतकांत इटलींतील संत बेनेडिक्ट यांनीं मठवासीयांसाठीं जी नियमावली लिहिली, तिच्यांत शारीरिक श्रमांबरोबर धर्मग्रंथांच्या वाचनालाहि रोजच्या ठराविक वेळा नेमून दिल्या आहेत. पुढें बाराव्या शतकांत फ्रान्समधील कार्थुसियन पंथाचे मठाधिपति दुसरे ग्वीगो यांनीं या वाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन म्हणजे घास तोंडांत घेणें, मनन म्हणजे तो चावणें, प्रार्थना म्हणजे चव लागणें आणि ध्यान म्हणजे प्रत्यक्ष ती गोडी, अशी उपमा त्यांनीं योजिली आहे. सौ.च्या आजीला हे ग्वीगो भेटले असते तर दोघांचें चांगलें जमलें असतें, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

या शिडींत मनन आणि ध्यान यांच्यामध्यें प्रार्थनेची एक पायरी आहे, तिचें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. मनन केल्यावर माणसाला आपली उणीव दिसते. आणि ती आपल्या बळानें भरून निघत नाहीं, हेंहि दिसतें. तेव्हां मागणें हाच मार्ग उरतो. आपल्याकडे ही पायरी संतांनीं बांधून ठेवली आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस येणाऱ्या नऊ ओव्या, ज्यांना आपण पसायदान म्हणतों, त्या मागण्याच्याच ओव्या आहेत. पसाय म्हणजे प्रसाद, प्रसादाचें दान.

बारावा अध्याय संपला, तेव्हां सौ. म्हणाली, "आतां पसायदान घेऊं. रोज दिवेलागणीला आपण तें म्हणतों, पण ऐकतों कुठें?" नऊ ओव्या, नऊ दिवस, असा बेत ठरला. पहिली ओवी पहिल्या दिवशीं झाली. दुसरी ओवी दुर्जनांविषयीं आहे. तिच्यांत 'व्यंकटी' असा शब्द आहे. त्याचा अर्थ कुटिलपणा, वांकडेपणा. दुष्टांचा वांकडेपणा गळून जावो, असें महाराज मागतात. आम्हीं शब्दार्थ सांगितला, अन्वय लावून दाखविला, आणि मोकळे झालों. सौ.नें शांतपणें विचारलें, "हें म्हणतांना तुमच्या डोळ्यांपुढें कोण येतें?"

खोटें बोलण्याची सोय नव्हती. आमच्या डोळ्यांपुढें आमचे धाकटे बंधु येत होते.

गांवाकडील घराची वांटणी झाली तेव्हां देवघराच्या खोलीवरून आम्हां भावांत वाद झाला होता. त्याला सहा वर्षें होऊन गेलीं होतीं. शब्दानें शब्द वाढला, आणि शेवटीं बोलणेंच खुंटलें. वडिलांचें श्राद्ध एकाच तिथीला दोन घरीं होऊं लागलें. मुलांच्या मुंजी, डोहाळजेवणें, सगळें एकमेकांवांचून पार पडलें. आणि या सहा वर्षांत रोज सायंकाळीं आम्ही विश्वाच्या कल्याणाचें मागणें खणखणीत आवाजांत म्हणत होतों.

त्या ओवीपाशीं आम्ही एक दिवस राहावयाचें ठरविलें होतें. सतरा दिवस राहिलों. पहिले कांहीं दिवस आमच्यांतला शिक्षकच काम करीत होता. त्याच्या ध्यानांत आलें कीं मागणें दुष्टांच्या नाशाचें नाहीं, फक्त त्यांच्या वांकडेपणाच्या नाशाचें आहे. माणूस राहावा, वांकडेपणा जावा. मग दिसलें कीं मागणें तेथेंच थांबत नाहीं. त्यांना सत्कर्माची गोडी लागो आणि प्राणिमात्रांत जिवाभावाची मैत्री जडो, इथपर्यंत तें जातें. म्हणजे ज्याला आपण दुष्ट म्हटलें, त्याच्याशीं मैत्री व्हावी ही या ओवीची परिणति आहे. मैत्रीला दुसरी बाजू लागते; आणि ती बाजू आमची होती.

पुढें आठवलें कीं हें मागणारा कोण होता? परंपरा सांगते, संन्याशाचीं मुलें म्हणून या भावंडांना समाजानें वाळींत टाकलें. आणि टाकणारे आपल्यासारखेच शास्त्र जाणणारे लोक होते. दुर्जन कोणाला म्हणावें याची यादी करावयाची झाली असती तर महाराजांना नांवांची वाण पडली नसती. पण त्या नऊ ओव्यांत एकहि तक्रार नाहीं. आमची तक्रार मात्र एका खोलीपुरती, आणि ती सहा वर्षें पुरली.

खरा चटका बसला तो सतराव्या दिवशीं. आमचे बंधूहि त्यांच्या घरीं दिवेलागणीला हेंच पसायदान म्हणतात. आमच्या आईनें दोघांनाहि तें एकाच वेळीं, एकाच पाटावर बसवून शिकविलें. मग ही ओवी म्हणतांना त्यांच्या डोळ्यांपुढें कोण येत असेल? उत्तर उघड होतें. त्या दिवशीं ती ओवी आम्हांस पुरी म्हणवली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बंधूंना पत्र लिहिलें. त्यांत खोलीचा उल्लेख केला नाहीं, स्वतःचें समर्थन केलें नाहीं, आणि उपदेशहि केला नाहीं. हें तिसरें सर्वांत जड गेलें. प्रकृति विचारली, आणि कठोर बोललों होतों त्याबद्दल वाईट वाटतें, एवढें लिहिलें. उत्तर महिन्यानें आलें. चारच ओळी होत्या. "दादा" हा मायना सहा वर्षांनीं पाहिला. यंदाचें श्राद्ध एकत्र करावें, असें त्यांनीं लिहिलें होतें. आणि तें झालें. देवघराच्या खोलीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं, तो सुटेलच असेंहि आम्ही म्हणत नाहीं. पण आतां तो एका खोलीएवढाच आहे.

या अनुभवावरून जी रीत आम्हीं ठरविली ती थोडक्यांत देतों. वेळ एकच ठेवावी. पहांट उत्तम, न जमल्यास दिवेलागण. भ्रमणध्वनि दुसऱ्या खोलींत ठेवावा. ओवी एकच घ्यावी, फार तर दोन. प्रथम ती मोठ्यानें, सावकाश, तीन वेळां म्हणावी. ओवी ही कानासाठीं आहे, डोळ्यांनीं तिचा निम्मा भाग निसटतो. नंतर अर्थ पाहावा. जुन्या मराठींतील शब्द अडतो, तेथें अंदाज बांधूं नये, सार्थ प्रत जवळ ठेवावी. आम्हां संस्कृतवाल्यांना पदच्छेद, पदार्थ, विग्रह, वाक्ययोजना आणि शंकासमाधान अशीं व्याख्येचीं पांच अंगें शिकविलेलीं असतात. तीं येथें उपयोगी पडतात; मात्र तीं पुरीं झालीं म्हणजे काम संपलें असें समजूं नये, तेथून तें सुरू होतें. मग पुस्तक मिटून, जो एक शब्द मनाला लागला असेल तो धरून दहा मिनिटें स्वस्थ बसावें. मन भटकेल, त्याच्यावर न रागावतां त्याला त्या शब्दाकडे परत आणावें. उठण्यापूर्वीं देवाजवळ आपल्या साध्या भाषेंत एक वाक्य बोलावें. तें मागणें असो, कबुली असो, कीं तक्रार असो, खरें असलें म्हणजे झालें. आणि दिवसभरांत दोन-तीन वेळां ती ओवी आठवावी.

दोन सावधगिऱ्या सांगणें अवश्य आहे. ओवींतून आपल्याला हवा तो अर्थ ओढून काढण्याचा मोह होतो. जो अर्थ केवळ दुसऱ्याला लागू पडतो, तो बहुधा आपला ओढलेला असतो, अशी खूण आम्हीं बांधली आहे. दुसरें असें कीं घरांतील तरुणांवर याची सक्ति करूं नये. आमच्या नातीला आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. ती आपण होऊन आजीजवळ येऊन बसते, आणि तिचे प्रश्न आमच्या जुन्या इन्स्पेक्टरांहून कठीण असतात.

कोणी म्हणेल, या गतीनें सगळी ज्ञानेश्वरी केव्हां व्हावयाची? हिशेब सोपा आहे. रोज एक ओवी म्हटली तर ९,००० ओव्यांना सुमारें पंचवीस वर्षें लागतील. आमच्या वयाच्या माणसाला तितका अवधि नाहीं, हें आम्ही जाणतों. पण मध्यम मार्गहि आहेत. विनोबांनीं इ. स. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत कैद्यांपुढें गीतेवर प्रवचनें केलीं, तीं दर रविवारीं एक अध्याय या क्रमानें अठरा रविवार चाललीं, आणि सानेगुरुजींनीं तीं टिपून ठेवलीं. आठवड्याला एक अध्याय हीहि गति मननाला पोषक आहे. मनाचे श्लोक २०५ आहेत, रोज एक घेतल्यास सात महिन्यांत होतात. सप्ताहाचाहि स्वतंत्र गुण आहेच. चार घरचीं माणसें एकत्र बसतात, ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्या कानांवर ओवी पडते, सगळा ग्रंथ एकदां नजरेखालून जातो. सप्ताहांत गांव दुरून सगळें दिसतें; पण राहावयाचें झालें तर एका घरांतच राहावें लागतें.

सौ.चा डोळा आतां बरा आहे, आणि ती आपली पोथी आपण वाचते. तरी पहांटे आम्ही तिच्याजवळ बसतों. तिनें तेरावा अध्याय धरला आहे. दोरा फारसा पुढें सरकलेला नाहीं, आणि आम्हांस घाई नाहीं. आमचें बारावें पारायण राहूनच गेलें. वाचकांना एवढीच विनंति कीं, आज दिवेलागणीला पसायदान म्हणाल तेव्हां दुसऱ्या ओवीशीं क्षणभर थांबा, आणि डोळ्यांपुढें कोण येतें तें पाहा.